शुक्रवार न गाळता: लहान मुलाला ईस्टर समजावून देताना

ईस्टरची गोष्ट लहान मुलाला सांगायची वेळ आली की बहुतेक घरांत शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा गुड फ्रायडे, गाळला जातो. आधीच्या रविवारची, म्हणजे झावळ्यांच्या रविवारची, मिरवणूक आनंदाने सांगून होते आणि मग आई-वडील एकदम रिकाम्या कबरीवर आणि रंगीत अंड्यांवर येऊन पोहोचतात, कारण मध्ये जे घडले ते चार-पाच वर्षांच्या जिवासमोर कसे मांडावे हे त्यांना सुचत नाही. माझ्या मोठ्या मुलीच्या बाबतीत मीही हेच केले होते. ती तेव्हा साडेतीन वर्षांची होती. ईस्टरच्या सकाळी मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले की येशू कबरीतून उठला. तिने विचारले, "पण बाळाला कबरीत ठेवलं कुणी?" तिच्या लेखी येशू अजून नाताळच्या गव्हाणीतले बाळच होता. तो मोठा झाला, लोकांत फिरला, त्याला पकडले आणि मारले, यातले काहीच मी तिला सांगितले नव्हते, आणि जो मेलाच नाही तो उठला याचा आनंद तिला कसा व्हावा?

माझे माहेर वसईचे, संसार ठाण्यातला. गेली काही वर्षे मी रविवारी चिमुकल्यांचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेते. घरात आणि वर्गात करून पाहिलेल्या, चुकलेल्या आणि सुधारलेल्या गोष्टी येथे क्रमाने मांडते आहे. मी कॅथलिक परंपरेत वाढल्यामुळे विधींची नावे त्या परंपरेतली आहेत, परंतु घरात करण्याच्या बहुतेक गोष्टी कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला जशाच्या तशा करता येतील.

जानेवारीपासून येशूला मोठे होऊ द्या

तयारीची सुरुवात पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, करू नये. तेव्हा ती उशिराची ठरते. नाताळचा गोठा आवरून ठेवला की आठवड्याला एक याप्रमाणे मोठ्या येशूच्या गोष्टी सांगायला घ्याव्यात. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला आणि मरिया व योसेफ तीन दिवस त्याला शोधत फिरले, ही गोष्ट लोकल स्टेशनवर आईचा हात सुटल्याचा अनुभव असलेल्या मुलाला लगेच पोहोचते. वादळात होडीत झोपलेला येशू, उंबराच्या झाडावर चढून बसलेला बुटका जक्कय, पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा, शिष्य अडवीत असतानाही मुलांना जवळ बोलावणारा येशू, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. मुलाची या माणसाशी ओळख झाली पाहिजे, त्याच्यावर जीव जडला पाहिजे. अनोळखी माणसाच्या मरणाचे मुलाला दुःख होत नाही आणि त्याच्या परत येण्याचे सुखही होत नाही.

सण कधी येणार, हे चंद्राला विचारा

नाताळ दर वर्षी 25 डिसेंबरला येतो, ईस्टर मात्र हलतो, आणि त्याचे कारण मुलाला आकाशात दाखवता येते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. 2026 मध्ये 2 एप्रिलची पौर्णिमा धरून तो 5 एप्रिलला येतो आणि 2027 मध्ये 22 मार्चच्या पौर्णिमेमुळे 28 मार्चला. आपल्या पंचांगाप्रमाणे ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनाची नाहीतर चैत्राची असते, म्हणजे कधी शेजारी होळी पेटवतात तोच चंद्र, तर कधी हनुमान जयंतीचा. गच्चीवर नेऊन मुलाला तो वाटोळा चंद्र दाखवावा आणि सांगावे की येशूला गेथसेमनीच्या बागेत पकडले त्या रात्री असाच चंद्र होता. हे केवळ कल्पनारंजन नाही. तो वल्हांडण सणाचा काळ होता, आणि मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण करणारा यहुदी लोकांचा हा सण पौर्णिमेलाच येतो.

चाळीस दिवसांपैकी दोनच गोष्टी

कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस होतात. एवढा काळ लहान मुलाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून त्याच्यावर नेमांचे ओझे टाकू नये. उपवासाचा नियम मुलांना लागू नाही. कॅथलिक चर्चमध्ये मांसवर्ज्याचा नियम चौदाव्या वर्षानंतर आणि उपवासाचा अठराव्या वर्षानंतर सुरू होतो, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवण्यात काहीच पुण्य नाही.

आमच्या घरी दोनच गोष्टी असतात. पहिली म्हणजे भाताचे तांदूळ धुण्यापूर्वी मुलाने आपल्या हाताने एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे आणि ईस्टरपूर्वी तो डबा गरजू घरी पोहोचवायचा. मूठ त्याचीच हवी. आईची मूठ मोठी असते, पण देणे त्याचे असले पाहिजे. दुसरी गोष्ट 'आलेलुया', म्हणजे 'देवाची स्तुती करा', या शब्दाची. चाळीस दिवस चर्चमध्ये हा शब्द गायला जात नाही आणि तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणातच परत येतो. मुलाकडून एका कागदावर रंगीत खडूंनी 'आलेलुया' लिहून घ्यावे, लिहिता येत नसेल तर आपण लिहून त्याला रंगवू द्यावे, आणि तो कागद श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावा. डबा दिसत राहावा, उघडू मात्र नये. आमचा धाकटा दर दोन दिवसांनी त्या डब्याकडे बोट दाखवून विचारतो, "अजून झोपलाय का तो?" वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याला त्या डब्याने शिकवले.

झावळ्यांचा रविवार: पेरणीचा दिवस

या दिवशी चर्चमध्ये माडाच्या झावळ्या आशीर्वादित करून मिरवणूक निघते. मुलाला हातभर लांबीची पात द्यावी, मोठी झावळी पुढच्या माणसाच्या डोळ्यात जाते. घरी परतल्यावर त्याच पातीचा क्रूस दुमडून तो दाराशी किंवा देवाच्या कोनाड्याजवळ लावावा आणि त्याला सांगावे की पुढच्या वर्षीची राख याच वाळलेल्या पातींची होईल.

त्यानंतरचे दुपारचे काम मला साऱ्या आठवड्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आदल्या रात्री मूठभर गहू भिजत घालावेत. एक उथळ कुंडी किंवा जुनी परात घ्यावी, तिच्यात चार बोटे माती पसरावी, मागच्या बाजूला मातीचा उंचवटा करून त्यात संक्रांतीचे एखादे सुगड किंवा जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले बोळके आडवे, तोंड पुढे करून बसवावे. ही झाली कबर. तिच्या तोंडावर बसेल असा एक चपटा गोल दगड मुलानेच शोधून आणावा. उरलेल्या मातीवर भिजलेले गहू पसरून वर बोटभर माती टाकावी आणि रोज हाताने पाणी शिंपडावे. ठाण्याच्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसू लागतात आणि ईस्टरपर्यंत कबरीपुढे हिरवे गवत डोलू लागते. ज्या शेजाऱ्यांकडे नवरात्रात घट बसतात त्यांना हे पाहताक्षणी कळते, वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पेरताना एकच वाक्य बोलावे. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ पीक देतो, हे येशूचे शब्द योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहेत. त्यावर भाष्य करीत बसू नये. सोमवारी माझा मुलगा माती उकरून दाणा पाहायला गेला. दाणा फुगून मऊ पडला होता, त्याची साल सुटली होती. तो हिरमुसला होऊन म्हणाला, "आई, हा खराब झाला." मी त्याला फक्त माती परत सारखी करायला सांगितले.

गुरुवार: पाय कोणी कोणाचे धुवायचे

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडे पाय धुण्याची रीत नवीन नाही. लग्नात वराचे पाय धुतात, वारकऱ्यांचे पाय धुतात, थोरांच्या पायांचे तीर्थही घेतात. परंतु यांत ज्याला मोठेपणाचा मान द्यायचा त्याचे पाय धुतले जातात. येशूने ही रीत उलटी केली, गुरूने शिष्यांचे पाय धुतले, आणि म्हणूनच त्याचा शिष्य पेत्र संकोचून "माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस" असे म्हणाला. मुलाला हे उलटेपण जाणवायचे असेल तर घरातही सुरुवात थोरांनी केली पाहिजे. बहुतेक घरांत हौसेने मुलाला आजी-आजोबांचे पाय धुवायला लावतात. त्यात संस्कार आहे, पण त्या दिवसाचा अर्थ त्यात येत नाही.

संध्याकाळी स्टीलचे तसराळे, तांब्याभर कोमट पाणी आणि स्वच्छ पंचा घ्यावा. आधी बाबांनी मुलाचे पाय धुवावेत. गुदगुल्या होऊन मूल हसेल, हसू द्यावे. मग आईने बाबांचे, आणि शेवटी मुलाला वाटले तर त्याने हवे त्याचे. गेल्या वर्षी माझ्या मुलीने आजीची निवड केली. आजीच्या टाचांना खोल भेगा आहेत. पोरगी पाणी ओतता ओतता थांबली, भेगेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "दुखतं का गं?" आजी म्हणाली, "आता नाही दुखत." मग तिने पंचाने प्रत्येक बोटामधली फट वेगवेगळी पुसली. त्या संध्याकाळी कोणीही काही समजावून सांगितले नाही.

चर्चमधल्या विधीला मुलाला नेणार असाल तर दोन गोष्टींकडे त्याचे लक्ष वेधावे. ग्लोरिया हे स्तुतिगीत गायले जाताना घंटा वाजतात आणि त्यानंतर ईस्टरच्या जागरणापर्यंत त्या मुक्या राहतात, तर विधी संपल्यावर वेदीवरची वस्त्रे आणि मेणबत्त्या काढून घेतल्या जातात. उघडी पडलेली वेदी मुलांना खूप काही सांगून जाते.

शुक्रवार

हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण चुका येथेच होतात.

पहिली बाब शब्दांची. 'येशू झोपला' असे म्हणू नये. मूल त्या रात्री स्वतः झोपायला घाबरते. 'देवाघरी गेला' हा आपला नेहमीचा शब्दप्रयोगही येथे गोंधळ करतो, कारण येशू देवाचा पुत्र आहे असे आपणच शिकवलेले असते. 'मेला' हा शब्द वापरावा. तो कानाला कठोर लागतो, पण मुलाने मेलेली चिमणी पाहिलेली असते, अॅक्वेरियममधला मासा मेलेला पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला तो अर्थ ठाऊक असतो.

दुसरी बाब लांबीची. तीन वर्षांच्या मुलाला दोन वाक्ये पुरतात: येशू सर्वांवर प्रेम करीत होता तरी काही माणसांनी त्याला मारले, आणि आज आपल्याला त्याचे वाईट वाटते. पाच वर्षांच्या मुलाला मी साधारण असे सांगते: "येशू आजाऱ्यांना हात लावायचा, ज्यांच्याशी कोणी बोलत नसे त्यांच्या घरी जेवायचा. लोक त्याच्यामागे जाऊ लागले. काही मोठ्या पदावरच्या माणसांना भीती वाटली की आता आपले कोणी ऐकणार नाही. त्यांनी त्याला पकडून रोमन अधिकारी पिलात याच्याकडे नेले. पिलाताला कळत होते की याने काही वाईट केलेले नाही, पण तो गर्दीला घाबरला. सैनिकांनी येशूला क्रुसावर खिळले. त्याला खूप दुखले. तरी तो म्हणाला, 'बापा, यांना क्षमा कर.' त्याची आई तिथेच उभी होती. मग तो मेला." येथे थांबावे. लगेच "पण काळजी करू नकोस, रविवारी तो उठणार आहे" असे जोडण्याचा मोह फार होतो. मुलाने स्वतः विचारले तर "हो, रविवार येणार आहे" एवढे अवश्य सांगावे, पण आपण होऊन त्याचे दुःख घाईने पुसून टाकू नये. ते थोडा वेळ आपल्या मांडीवर बसू द्यावे.

जखमा, रक्त, फटके यांची वर्णने या वयात देऊ नयेत. शुभवर्तमानकारांनीसुद्धा क्रुसावर खिळण्याचे काम अर्ध्या वाक्यात उरकले आहे. त्यांचा संयम आपणही पाळावा. पडद्यावरची चित्रणे तर दहा वर्षांपर्यंत बाजूलाच ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी बाब अपराधाची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात माझ्या मुलीला सांगितले गेले की आपण खोटे बोललो की येशूच्या हातात एक खिळा ठोकला जातो. तिने त्याच आठवड्यात मला न विचारता लाडू खाऊन 'नाही' म्हटले होते. दोन रात्री ती दचकून उठत होती आणि तिसऱ्या रात्री हुंदके देत म्हणाली, "मीच मारलं ना त्याला?" येशू आपल्या पापांसाठी मेला हा आपला विश्वास आहेच, पण तो विश्वास पेलायला अंगात बळ यावे लागते. पाच वर्षांच्या मुलाच्या कानात ते वाक्य 'तू त्याला ठार केलेस' असेच उतरते. त्याऐवजी "येशूने आपल्यावर इतके प्रेम केले की मरायची वेळ आली तरी ते सोडले नाही," असे सांगावे. यात खोटे काही नाही, आणि उरलेले शिकायला पुढे पुष्कळ वर्षे आहेत.

चौथी बाब दोषाची. 'यहुद्यांनी येशूला मारले' हे वाक्य घरात कधीही उच्चारू नये. येशू यहुदी होता, मरिया यहुदी होती, सारे प्रेषित यहुदी होते. क्रूस ही रोमन शिक्षा होती आणि ती रोमन अधिकाऱ्याने फर्मावली. ठाणेकरांना हे सांगणे सोपे जावे. टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएल या यहुदी समाजाचे 1879 मध्ये बांधलेले शाआर हाशामाईम सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) आहे आणि हा समाज पिढ्यान्पिढ्या आपल्यासारखेच मराठी बोलत आला आहे. तेथून जाताना मी मुलांना थांबवून सांगते की येशू जो वल्हांडण सण पाळत होता, तो या लोकांच्या घरी आजही पाळला जातो.

दुपारी तीनच्या सुमाराचा विधी लांब असतो आणि उकाडा भयंकर. मुलाला सकाळी भरपेट पेज आणि लोणचे खाऊ घालावे, पाण्याची बाटली सोबत घ्यावी, दाराजवळची बाके धरावीत. जमल्यास आदल्या दिवशी, गर्दी नसताना त्याला चर्चमध्ये नेऊन आणावे. मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन बाप्तिस्त चर्चसारख्या जुन्या वास्तूत दुपारी शांतता असते. तेव्हा मोठा क्रूस कोठे ठेवतील, लोक रांगेने जाऊन त्याला कसे वंदन करतील, हे आधी दाखवून ठेवले तर दुसऱ्या दिवशी मूल भेदरत नाही. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या मरणापर्यंतच्या प्रसंगांची, चौदा स्थाने सगळी करण्याची गरज नाही. वेरोनिकाने तोंड पुसले ते आणि सिमोनाने क्रूस उचलायला मदत केली ते, एवढी दोन मुलाला दाखवावीत. संकटातल्या माणसाला हात देता येतो, हे त्याला त्यात दिसते.

संध्याकाळी परातीतल्या बागेपाशी बसावे. एका काडीच्या बाहुलीला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून मुलाने ती बोळक्यात ठेवावी आणि दगड लावावा. मी पहिल्यांदा मुलीकडून हे करून घेतले तेव्हा तिने दगड लावला, काढला, आत डोकावून पाहिले आणि पुन्हा लावला. तिच्या नखांत माती भरली होती. हात धुवायला ती बराच वेळ उठली नाही.

शनिवार

आज काही करू नये. घर आवरावे, गव्हाला पाणी घालावे, दगड हलवू नये. मूल कंटाळेल, विचारेल, बागेभोवती घुटमळेल. शिष्यांचा तो दिवस असाच गेला असणार.

रात्रीचे जागरण लहान मुलाला पूर्ण झेपत नाही, पण सुरुवात तरी दाखवावी. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये त्या एका ज्योतीवरून साऱ्यांच्या मेणबत्त्या लागत जातात. मुलाच्या मेणबत्तीला कागदी पेल्याचे बूड भोसकून अडकवावे म्हणजे मेण हातावर ओघळत नाही. घंटा पुन्हा वाजल्या की झोपलेल्या लेकराला खांद्यावर टाकून घरी यायला हरकत नाही.

रविवारची सकाळ, आणि एक सावधगिरी

पूर्वी मी शनिवारी रात्री गुपचूप दगड सरकवून बाहुली काढून ठेवीत असे, म्हणजे सकाळी मुलीला नवल वाटावे. ती सात वर्षांची झाली तेव्हा तिने शांतपणे विचारले, "बाहुली तूच काढायचीस ना? मग येशूलाही कोणीतरी काढलं असेल." मला जे शिकवायचे होते त्याच्या नेमके उलट मी तिच्या मनात पेरले होते. तेव्हापासून आम्ही लपवाछपवी करीत नाही. ही आपण हाताने मांडलेली गोष्ट आहे, हे मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. सकाळी सर्वांनी मिळून बागेपाशी बसावे, मुलाने स्वतः दगड लोटावा, बाहुली काढून घ्यावी आणि कापड आत ठेवावे. त्या वेळी योहानाच्या विसाव्या अध्यायातला एक बारकावा सांगावा: येशूच्या डोक्याला बांधलेला रुमाल इतर कापडांपासून वेगळा, गुंडाळून ठेवलेला सापडला. माझा मुलगा यावर खूश झाला होता. "त्याने घडी करून ठेवली? उठल्या उठल्या?" त्या दिवशी स्वतःची चादर त्याने न सांगता घडी केली.

मग येशूची शिष्या मग्दालिया मरिया हिची गोष्ट. ती कबरीपाशी रडत होती, समोर येशू उभा असूनही तिला तो माळी वाटला, आणि त्याने "मरिये" अशी नावाने हाक मारली तेव्हा तिने त्याला ओळखले. ही गोष्ट सांगताना मरियेच्या नावानंतर क्षणभर थांबून मुलालाही त्याच्या नावाने हाक मारावी. आता डबा फळीवरून काढावा, 'आलेलुया' भिंतीवर लावावा आणि हवा तितका आरडाओरडा करू द्यावा.

अंडी याच वेळी यावीत, आधी नाहीत. मध्ययुगात उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती पुन्हा ताटात येण्याचा आनंद मोठा होता. शिवाय बाहेरून बंद, दगडासारखे वाटणारे आणि आतून जिवंत पिल्लू निघणारे अंडे कबरीची आठवण देते. काजूच्या मार्झिपानची अंडी घरी करणार असाल तर मुलाला साच्यात दाबायला द्यावे. ससा युरोपच्या लोककथांतून आला आहे, तो आला तरी चालेल, पण त्याला गोष्टीत जागा देण्याचे कारण नाही.

मुले विचारतात ते

"तीन दिवस कसे? दोनच तर रात्री झाल्या." मुलाचा हिशेब बरोबर आहे. त्या काळी दिवसाचा तुकडाही दिवस धरीत. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी त्याच्याकडून बोटे मोजून घ्यावीत.

"देवाने त्याला वाचवलं का नाही?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. मी सांगते की क्रुसावर येशूनेही देवाला हेच विचारले होते, "तू माझा त्याग का केलास?" असा प्रश्न देवाला विचारता येतो, हे मुलाला कळणे मला उत्तरापेक्षा मोलाचे वाटते.

"त्याच्या जखमा बऱ्या झाल्या?" उठल्यावरही हातांवर खुणा होत्या आणि त्या त्याने थोमा या शिष्याला दाखवल्या. हे ऐकून माझ्या वर्गातल्या एका मुलाने पँट वर करून सायकलवरून पडल्याची गुडघ्यावरची खूण सर्वांना दाखवली आणि "हीपण राहणार" असे अभिमानाने जाहीर केले.

आणि ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे तेथे हमखास येणारा प्रश्न: "मग आजोबा पण तीन दिवसांनी येतील?" आमच्या घरी सासरे गेले त्या वर्षी हा प्रश्न आला. याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. "नाही राजा, आजोबा तसे परत येणार नाहीत. येशू सर्वांत आधी उठला. आपला विश्वास आहे की एक दिवस देव आजोबांनाही उठवणार आहे आणि आपण त्यांना भेटणार आहोत. तो दिवस कधी येईल ते मला माहीत नाही. तोवर त्यांची आठवण आली की आपण रडलो तरी चालतं." एवढे बोलताना माझाच आवाज फुटला. तसे झाले तरी बिघडत नाही.

शेजारच्या मुलांसाठी

इमारतीतली मुले बाग पाहायला येतातच. त्यांना गोष्ट आपल्या मुलाने सांगावी, आपण मध्ये पडू नये. जेवढी त्याला समजली तेवढी ती सांगतो, आणि ते ऐकून आपल्यालाही कळते की काय पोहोचले आणि काय राहिले. शुक्रवारी कोणी 'हॅपी गुड फ्रायडे' म्हटले तर मुलाने "आज आमच्याकडे येशूच्या मरणाचा दिवस आहे, रविवारी या, गोड देतो," असे म्हणावे. हे वाक्य आधी घरी एकदा म्हणून घ्यावे. शुभेच्छा देणाऱ्याला ओशाळे वाटता कामा नये.

सण रविवारी संपत नाही

ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा असतो आणि शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, पेंटेकॉस्टला, पूर्ण होतो. त्यातली एक सकाळ आमच्या घरी ठरलेली आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला येशू पहाटे तळ्याकाठी उभा असतो, रात्रभर जाळे टाकून रिकामे राहिलेल्या शिष्यांना पुन्हा जाळे टाकायला सांगतो, 153 मोठे मासे लागतात, आणि ते किनाऱ्यावर येतात तेव्हा त्याने कोळशांवर मासा भाजून, भाकरी ठेवून त्यांना न्याहारीला बोलावलेले असते. चेंदणी कोळीवाड्याच्या शहरात वाढणाऱ्या मुलाला ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ईस्टरनंतरच्या एखाद्या रविवारी आम्ही पहाटे उठून बांगडे आणतो, मीठ-हळद लावून तव्यावर भाजतो आणि तांदळाच्या भाकरीबरोबर जमिनीवर बसून खातो. परातीतला गहू तोवर वीतभर वाढलेला असतो. गेल्या खेपेला धाकट्याने आपल्या बांगड्याचा काटा काढून दिलेला तुकडा ताटाच्या कडेला वेगळा ठेवला. कोणासाठी ठेवलास, असे मी विचारले. तो म्हणाला, "त्यांनी येशूसाठी ठेवला होता की नाही, ते तू सांगितलंच नाहीस."